पाटील इथं राहत नाहीत

क्रेडिट कार्डासाठी अर्ज करायचे चार रस्ते आहेत आणि चारही रस्त्यांवर चोर उभे आहेत, असं माझं ठाम मत होतं.

तसा मी भित्रा नाही हो! वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली, कधी हात थरथरला नाही. पण निवृत्त झालो, मेहरूणला घर बांधलं, उरलेला फंड बँकेत टाकला आणि तेव्हापासून मोबाइल नुसता वाजला तरी मला घाम फुटतो.

"त्याच खात्याच्या कार्डावर तुम्ही ऑनलाइन बिलं भरता?" सुनंदा एक दिवस म्हणाली. (माझी बायको. शाळेत बाई आहे. घरीही बाईच असते.) "कोणी धुवून नेलं तर म्हातारपणी काय खायचं? त्यापेक्षा लहान मर्यादेचं क्रेडिट कार्ड घ्या. गेलं तर तेवढंच जाईल."

झालं! त्या रात्रीपासून मला रिकामं पासबुक दिसायला लागलं. कार्ड तर हवंच. पण अर्ज करायचा कसा? मोबाइलवरून करायला गेलो, तर तो विचारतो, 'तुमचं ठिकाण कळू द्यायचं का?' मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. मग एका मुलीचा फोन आला, "पाटील सर, तुमचं कार्ड मंजूर झालंय!" अर्ज न करता मंजूर? आणि हिला माझं नाव कुणी सांगितलं? दुकानांपुढे टेबल टाकून बसलेला एजंट तर कार्डावर बॅग फुकट देत होता. फुकट बॅग देणारा काय काय नेईल, नेम नाही!

शेवटी मी स्वतः शाखेत गेलो. दारात बंदूकवाला पाहून जीव थाऱ्यावर आला. आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त क्रेडिट कार्डासाठी' असं एवढं ठळक लिहिलं की माझा चेहराच झाकला गेला. साहेबांनी शेवटी काहीतरी समजावून सांगितलं, पण मी तेव्हा झेरॉक्स मोजण्यात गुंतलो होतो.

घरी येऊन फर्मान काढलं, "अनोळखी माणसाला माझ्याबद्दल काही सांगायचं नाही! नाव नाही, गाव नाही!" वडिलांना (आबा धुळ्याकडचे, अजून अहिराणीतच बोलतात) दोनदा बजावलं. समोरच्या कूलरवाल्या सलीमभाईंनाही सांगून ठेवलं.

आठवड्याभरानं फाटकापाशी मोटारसायकल थांबली. पाठीला सॅक, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. मी पडद्यामागे गेलो.

"सुरेश पाटील इथंच राहतात ना?"

आबा ओट्यावरच्या खाटेवरून हललेसुद्धा नाहीत. "कोन पाटील? आठे कोनी पाटील-बिटील ऱ्हास नही!"

"पण आजोबा, दारावर पाटी आहे, 'पाटील'."

"ती जुनी शे!" (दिवाळीत लावलेली!)

तो सलीमभाईंकडे वळला.

"सुरेश पाटील? इधर हर तिसरे घर में पाटील है!"

"ते कारखान्यात होते..."

"अच्छा, वो! वो तो घर बेचके नासिक गए."

"कधी?"

"कल!"

माणूस परत फिरला आणि चक्क माझ्या घराचा फोटो काढायला लागला. आता दरोडाच! मी बनियनवरच बाहेर धावलो. "ए! फोटो कशाला काढतो?"

"आपण कोण?"

"मी... भाडेकरू."

"नाव?"

"नाव नाही. म्हणजे आहे, पण सांगत नाही!"

"सुरेश पाटलांना ओळखता?"

"अजिबात नाही! आणि तो माणूस बरा नाही, असं ऐकतो!"

त्यानं माझाही फोटो काढला आणि निघून गेला. "कसा पयना चोट्टा!" आबा खूश. चोर पळाला म्हणून आम्ही तिघांनी चहा घेतला.

संध्याकाळी शाळेतून आलेल्या सुनंदानं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, तो बँकेचा माणूस असेल! पत्ता तपासायला येतात ते!"

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहत सांगितलं, "अर्ज नामंजूर. घरातले वडीलधारे म्हणतात, असा माणूस नाही. शेजारी म्हणतात, घर विकून गेला. आणि भाडेकरूनं तर तुमची वागणूकही वाईट सांगितलीय." मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हाच तो भाडेकरू. ओळखता?"

स्क्रीनवर बनियनमधला मी. भीतीनं माझ्या तोंडून पुन्हा 'नाही' निघणार होतं!

शेवटी सुनंदानं वरणाला फोडणी देता देता मोबाइलवरून अर्ज केला. तिचं कार्ड आलं. मग तिच्याच कार्डावर तिनं माझ्यासाठी जोडकार्ड मागितलं आणि पुन्हा तीच मोटारसायकल दारात! या वेळी सुनंदानं मला दंडाला धरून पुढे केलं.

"हे माझे मिस्टर."

त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मॅडम, नक्की ना? मागच्या वेळी हे भाडेकरू होते."

सुनंदानंही मला नीट पाहून घेतलं. "भाडं तर कधी दिलं नाही," ती म्हणाली, "म्हणजे नवराच असणार."

बँकेनं तेवढ्यावर माझं अस्तित्व मंजूर केलं!