पूर्वपक्ष

शरच्चंद्रांचे वडील संस्कृत पाठशाळेत शास्त्री होते. त्यांची एक शिस्त मुलाच्या अंगात मुरली होती. कुणाचे मत खोडायचे, तर आधी ते त्याच्याहून चांगले मांडायचे. हा पूर्वपक्ष. समोरच्याने मान डोलावली की मगच खंडन. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवताना त्यांनी हे व्रत मोडले नाही. मुले म्हणत, सरांच्या तासाला उशिरा आलं तरी चालेल, लवकर उठून जायचं नाही.

निवृत्तीनंतर ते बडोद्यात हरणीला राहत होते. धाकटी विधवा बहीण पूर्णिमा त्यांच्याजवळच असे. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचे कच्छमधल्या धोळावीरा या हडप्पाकालीन नगरावर व्याख्यान झाले, तेव्हा ती भजनाला गेली होती. तिथल्या माणसांना रोगच नव्हते, तांब्याच्या भांड्यातले पाणी हेच त्यांचे औषध होते, आणि गोळ्या विकणाऱ्यांनी परदेशी विद्वानांना हाताशी धरून ही विद्या दडपली, असे हल्ली जो तो सांगतो. शरच्चंद्रांनी आधी तेच मांडले, भरल्या आवाजात. मग त्या काळच्या सांगाड्यांवर रोगांच्या कोणत्या खुणा दिसतात ते दाखवून त्याच्या चिंधड्या केल्या.

वरच्या मजल्यावरच्या हार्दिकने सगळे फोनवर टिपले आणि पुढे पाठवला फक्त पूर्वार्ध. शरच्चंद्र जाब विचारायला गेले, तर तो आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, “काका, एटलं लांब कोण बघतं?”

तोवर बडोदेभर ते पसरले होते. पूर्णिमाने कौतुकाने पुन्हापुन्हा ऐकले आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. उशाशी पाण्याने भरलेला तांब्याचा लोटा आला. ड्रॉवरमध्ये गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या हाती लागल्या, तेव्हा शरच्चंद्र त्या घेऊन तिच्यापुढे जाऊन बसले.

“पूर्णे, ते माझं मत नव्हतं गं. खोडण्यासाठी मांडलं होतं.”

“दादा, तुझा आवाज मी जन्मापासून ऐकतेय,” ती म्हणाली. “खोटं बोलताना तो असा खणखणीत लागत नाही. आता मात्र चाचरतोयस. कुणी दम भरला का तुला?”

त्यांनी डॉक्टरांना घरी आणले. ती त्यांच्याशी गोड बोलली, चहा दिला, गोळी घेतली नाही. मग शरच्चंद्रांनी स्वतःच खुलासा फोनवर टिपून सगळीकडे पाठवला. या वेळी पूर्वपक्ष नव्हता. खाली लोकांनी लिहिले, सरांना विकत घेतलं. पूर्णिमाने ते वाचले आणि भावाच्या ताटात भाकरी वाढताना तिचे डोळे भरून आले. तिला त्याची कीव येत होती.

थंडीत एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर घास गिळता येऊ लागला, समजही शाबूत होती; पण गोळी दिसली की ती दात घट्ट मिटून घेई. वाचली ती तांब्यातल्या पाण्यानेच, असे तिच्या मनाने घेतले होते. डाव्या हाताने ती लोट्याकडे बोट दाखवी.

डॉक्टर म्हणाले, कुटून द्या, पण पोटात गेलीच पाहिजे.

शरच्चंद्रांनी स्वयंपाकघरात गोळी खलात कुटली, लोट्यातल्या पाण्यात ढवळली आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“घे,” ते म्हणाले. “धोळावीरेत हेच पीत असत. त्यांना कधी काही झालं नाही.”

आवाज खणखणीत लागला. पूर्णिमाने तोंड उघडले.