आईला दिसण्यापुरता

फुटबॉलमध्ये मिडफिल्डरचं काम म्हणजे आलेला चेंडू लगेच पुढे द्यायचा. माझी सगळी कारकीर्द त्यातच गेली आणि आईशी सगळी भांडणंही त्यावरूनच झाली. मी क्लब बदलत कधी गोव्यात, कधी कोलकात्यात असायचो. ती इकडे म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यातल्या घरात, टीव्हीला डोळे लावून मला शोधायची. कॅमेरा धावतो चेंडूच्या मागे. मी पास दिला की पडद्यावरून गायब! सामना संपला की तिचा फोन यायचा.

"अय्यो, स्वल्प जवळ ठेव की रे तो चेंडू! दिसतोस न दिसतोस तोवर दुसऱ्याला देऊन टाकतोस."

मी भडकायचो. "अगं, त्याचाच तर मला पगार मिळतो!"

एकदा माझा खेळ इतका फसला की कोचने मला अर्ध्यातूनच बाहेर काढलं. मान खाली घालून मी अख्खं मैदान ओलांडत बाकापर्यंत चालत गेलो, आणि कॅमेरा पूर्ण वेळ माझ्यावर. नंतर तिचा फोन उचलायचीही लाज वाटत होती. उचलला, तर आई हरखून गेलेली.

"आज किती वेळ दाखवलं रे तुला! वाळलायस. जेवतोस ना नीट?"

खेळणं संपवून मी कायमचा घरी परतलो, तोवर ती राहिली नव्हती. आता दिवसभर टीव्हीसमोर, तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून असतो. कुणाला काही द्यायचं नाही, कुठे धावायचं नाही.

बघ की गं आता, हवं तेवढं.