शेवटचं पाणी एसीचं

आमच्या शेजारच्या काकांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या वसमतमध्ये नसेल. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, गडद निळी गाडी घेतली. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. सुकलं की गाडीवर पांढरे ठिपके उठतात. त्यामुळे काकांची पद्धत ठरलेली आहे. ऊन चढायच्या आत, कडुनिंबाच्या सावलीत, टपापासून खाली, एकेक भाग धुवायचा. शेवटचं पाणी मात्र एसीचं, कारण त्यात क्षार नसतात. गल्लीतल्या पाचही एसींच्या नळ्यांखाली काकांच्या बादल्या असतात. मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे होते, तर काका दारात हजर. "ताई, घरात पाव्हणे अन् एसी बंद काहून?" गाडी धुऊन झाली की जुन्या धोतराच्या कापडानं पाणी टिपायचं. मी एकदा मदतीला म्हणून घासलं, तर म्हणाले, "ताई, लेकराचं तोंड असं पुसता का तुमी?"

गेल्या वर्षी काकांची नजर अधू झाली. पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही. गाडी विकून टाकू." काका शांतपणे म्हणाले, "उद्या धुतो. एक डाग दाखव, किल्ली तुझी."

दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन काका कपडे बदलायला आत गेले. मी पाहिलं, तर मागच्या डाव्या दारावर सात ठिपके. मोजायची सवय आहे मला. कापड उचललं आणि सातही पुसून टाकले. मुलानं गुडघे टेकून गाडी तपासली. काही सापडलं नाही. तरी काकांनी किल्ली पुढे केली.

"अहो बाबा, पण एकही डाग नाही!"

"ताईंनी पुसले. आत कापडाची कुईकुई ऐकू आली. अजून घासतातच त्या." मग म्हणाले, "मला न्हाई दिसले. त्या डागांच्या जागी रस्त्यावर माणूस असता तर? किल्ली ने तू. गाडी राहू दे."

गाडी आहे. रविवारी सकाळी सात वाजता माझ्या यादीत 'काकांची गाडी, डाग' हे काम असतं. धुऊन झालं की ते विचारतात, "बघा बरं ताई, किती हाइत?" मी एकच सांगते. तो डाग काका स्वतः टिपतात. ते चहाला आत गेले की बाकीचे मी पुसते. आवाज न करता, टिपून.