एका यादीला एक फट

रविवार, फेब्रुवारी १९८४, सकाळी साडेआठ. जागा: वाशीचा मुख्य रस्ता, आमच्या गेटसमोर. हजर: सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार, नगररचनेचे एक साहेब आणि टिपणं घ्यायला मी.

साहेब त्या रस्त्याला 'बुलेवार्ड' म्हणत. आधी तिथे भातखाचरं होती आणि पलीकडे मिठागरं. सत्तरच्या दशकात त्यांच्यावर डंपरनी मुरूम ओतला, विमान उतरावं एवढा रुंद रस्ता केला आणि मधोमध कंबरभर दुभाजक बांधून त्यात बोगनवेल लावली. इमारती अलीकडे, दूध केंद्र, शाळा, दवाखाना पलीकडे. ओलांडायला जागा कुठेच नाही. माणसं पायी चालतात, हे नकाशा काढणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

आम्हाला दुभाजकात फट हवी होती. साहेबांनी ओलांडणाऱ्यांची घरवार यादी मागितली होती. ती मी केली, तीन प्रतींत.

दुभाजकावर खडूने फटीची खूण करणं चालू असताना खाडीकडच्या गावातली कोळीण टोपली घेऊन आली. ती रोज पुढच्या वळणावर काट्यांतून दुभाजक चढून यायची. पोटऱ्या ओरखड्यांनी भरलेल्या.

"दादा, एक फट तिकडं पन पाडा. आमची वाट हाय ती."

सेक्रेटरी हसले. "मावशी, तुम्ही सोसायटीत राहता का?"

"नाय. पन म्हावरं तुमीच खाता ना?"

साहेबांनी नकाशा उलगडला. "इथे वाट दिसत नाही."

"दिसंल कशी? तुमच्या मुरमाखाली हाय."

साहेबांनी मला विचारलं, "यादीत यांचं गाव आहे?"

नव्हतं. कुठल्या फ्लॅटमधून कोण दुधाला जातं, ते सगळं मी लिहिलं होतं. रोज दारात येणाऱ्या बायका मोजल्याच नव्हत्या. मी "नाही" म्हटलं.

"मग एका यादीला एक फट," साहेब म्हणाले. खजिनदारांनी मान डोलावली. त्यांना तेवढंच येत असे.

आमची फट महिन्यात झाली. पावसाळ्यात कोळीण त्या वळणावर दुभाजकावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. टोपली सून आणू लागली, त्याच काट्यांतून. सोसायटीच्या सभेत यावर चर्चा झाली ती एवढीच, की पापलेट आता उशिरा येतं.

वळणावर उभं राहून गावातल्या बायकांची यादी करायची आणि दुसरा अर्ज द्यायचा, हे काम मी त्याच आठवड्यात माझ्या नावावर लिहून घेतलं. अजून केलेलं नाही.