कोऱ्या फिल्मची चौकशी

नोकरीतल्या पुष्कळ तपासांचे तपशील आता निसटून गेले. धुळ्यात घरी बसून जुन्या गोष्टी काढल्या की नावं आठवत नाहीत, कलमं आठवत नाहीत. एका कोऱ्या फिल्मची चौकशी मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

एरंडोलकडच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. हमरस्त्यालगत एका अनोळखी माणसाचं प्रेत सापडलं. ट्रकने उडवलं असावं. खिशात चिठ्ठीसुद्धा नव्हती. पंचनामा केला आणि नेहमीप्रमाणे गावातल्या फोटोग्राफरला बोलावलं. सगळे त्यांना नाना म्हणत. तो काळ कृष्णधवल फोटोंचा. फिल्म धुण्याचं डेव्हलपर नाना घरीच बनवत. जळगावहून सुटी रसायनं आणायची, सोनाराच्या काट्यावर तोलायची, उकळून गाळलेल्या पाण्यात एकेक करून विरघळवायची. त्यांच्या अंधाऱ्या खोलीतला तो उग्र वास मला आवडायचा. आजही कुठे तसा वास आला की पाऊल थबकतं.

वारस सापडेना, म्हणून चार दिवसांनी प्रेत पुरलं. आता ओळख पटवायला फक्त फोटोच होते. त्याच सकाळी नाना आले आणि त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. ती कोरी होती. कडेपासून कडेपर्यंत नुसता पिवळट डाग.

थोड्या वेळाने पारोळ्याकडच्या खेड्यातून एक अक्का आल्या. आठवडाभर भाऊ घरी आला नव्हता. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या व्हरांड्यात बसून राहिल्या. तेवढ्यात एका खबऱ्याने हवालदारांच्या कानात सांगितलं, "नाना परवा एका ट्रकमालकाच्या घरी होते."

मला एवढं पुरलं. नानांना बाकावर बसवलं आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला.

"कोणाच्या सांगण्यावरून फिल्म घालवलीत?"

"कोणाच्याच नाही, साहेब."

"ट्रकमालकाकडे कशाला गेला होता?"

"त्यांच्या नातीचं बारसं होतं. दुसरा कॅमेरा घेऊन फोटो काढायला गेलो होतो."

"मग बारशाचे फोटो दाखवा."

नाना खाली मान घालून म्हणाले, "तेही कोरेच आले. दोन्ही रोल एकदमच धुतले होते."

इथे मी थांबलो. पुरावा नष्ट करणारा माणूस बारशाचे फोटो कशाला बिघडवेल? तोवर दुपार झाली होती. एवढ्यात हवालदार सकाळी नानांकडून जप्त केलेला, पंचनाम्याला वापरलेला कॅमेरा उघडायला लागले. सकाळपासून हळू बोलणारे नाना ओरडले, "उघडू नका! आत पंचनाम्याचा दुसरा रोल आहे, अर्धाच वापरलेला. त्यात त्या माणसाचे दोन फोटो आहेत!"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही धुवायला सांगितलं असतं. माझ्या डेव्हलपरवर माझाच भरवसा उरला नव्हता. तो रोलही गेला असता तर?"

त्यांना संशय होता तो नव्या सल्फाइटच्या पुडीवर. सल्फाइटमुळे डेव्हलपर टिकतं. ते शुद्ध नसेल तर मिश्रण थोड्याच वेळात तपकिरी होऊन मरतं. बाटली गडद काचेची आणि ओतायचं अंधारात, त्यामुळे रंग दिसला नव्हता. हवालदारांनी त्यांच्या घरून जुनी आणि नवी, दोन्ही पुड्या आणल्या. नानांनी चिमूट चिमूट दोन बश्यांत घेऊन वर लिंबू पिळलं. जुन्या पुडीला जळक्या काडीसारखा वास आला, नाकात झोंबणारा. नवी नुसतीच फसफसली.

"हा धुण्याचा सोडा आहे, साहेब," नाना म्हणाले.

जीप काढून आम्ही जळगावला गेलो. नाना जिथून रसायनं आणत त्या दुकानाचे म्हातारे शेठजी वाद घालतील अशी माझी तयारी होती. त्यांनी सल्फाइटचा डबा काढला, स्वतः लिंबू पिळून पाहिलं आणि खुर्चीत बसले. "डबा मीच भरला होता. चूक माझी. जबाब लिहून घ्या." मग कारखान्याचं सील असलेली बाटली त्यांनी नानांच्या हातात दिली.

संध्याकाळी नानांनी ताजं डेव्हलपर बनवून रोल धुतला आणि त्यावरून फोटो छापायला घेतला. लाल दिव्याखाली ट्रेमधला पांढरा कागद ते चिमट्याने हलवत होते. आधी कपाळाची कड दिसली, मग मिशी, मग हनुवटीवरची जुनी खूण.

ओला फोटो तसाच ठाण्यात नेला. अक्कांनी तो दोन्ही हातांत धरला. "हाऊ मना भाऊ शे," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

ट्रक शेवटपर्यंत सापडला नाही. चाकांच्या खुणांचे फोटो पहिल्या रोलमध्ये होते. अक्कांना मात्र भाऊ कुठे पुरलाय ते दाखवता आलं. त्यांनी तिथली माती कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, पण अंगावर वर्दी होती आणि वय लहान होतं. त्यांनीच चहा पुढे केला.

"विचारणं तुमचं कामच आहे, साहेब. पण घरी एक निरोप पाठवू द्यायचा होता. ही दिवसभर दारात उभी होती."

माणसावर संशय घेण्याआधी वस्तू तपासावी, हे पुढे मी प्रशिक्षणातल्या मुलांना अनेकदा सांगितलं. स्वतःसाठी मात्र नानांचंच वाक्य ठेवलं. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे कोणालाही चौकशीला बसवलं की सगळ्यात आधी एक शिपाई मी निरोप घेऊन त्याच्या घरी धाडत असे.