गणित सोडून पास

पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सुटून वेलदोड्याचा वास आला, की मला पौडच्या पोस्टातला तो ट्रंककॉल आठवतो. त्या जूनमध्ये मी दहावीला गणितात नापास झाले होते. गेला एकच विषय, पण निकाल सगळाच नापास, आणि घरात नुसतं सुतक. ऑगस्टात विलायतेहून आत्या आली, बरोबर माझ्याच वयाची तिची मुलगी. तिनंही तिकडची दहावी, म्हणजे ओ-लेव्हल, दिली होती आणि निकाल तिचे वडील फोनवर सांगणार होते. आम्ही सगळे पोस्टात दाटीवाटीनं उभे. बाहेर खाचरांवर पाऊस, आत डिंकाचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास. घंटी वाजली. रिसीव्हर कानाला लावून ती ओरडू लागली, "इंग्लिश ए! हिस्टरी बी! मॅथ्स यू!" आणि चक्क नाचायलाच लागली. "यू म्हंजी?" माझ्या वडिलांनी विचारलं. "नापास," आत्या हसत म्हणाली. "मंग नाचतीया कशापायी?" "दादा, तितं एकेक विषय वेगळा धरत्यात. एक गेला म्हणून बाकीचं जात न्हाईत." वडील पोस्टमास्तरांवरच गरजले, "मंग आमच्या पोरीचं बाकीचं विषय कुटं गेलं?" तसेच भिजत ते हलवायाकडे धावले आणि दोन पुडे घेऊन आले. "पोरगी पास झाली, गणित सोडून!" असं ओरडत त्यांनी अख्ख्या बाजारात माझे पेढे वाटले. ऑक्टोबरात माझं गणितही सुटलं. तेव्हाही पेढे आले असतील; मला मात्र आज त्यांची चव आठवत नाही.