दुपारची अरुंधती

आमचे लग्न एग्मोरच्या एका मंडपात भर दुपारी लागले. होमाच्या धुराने चुरचुरणारे डोळे पुसत आम्ही अंगणात आलो, तेव्हा गुरुजींनी पांढऱ्याफटक आकाशाकडे बोट करून विचारले, “अरुंधती दिसली?”

“दिसली,” मी शिकवल्याप्रमाणे म्हणाले.

“पात्ताच्चु, पात्ताच्चु!” ह्यांनी तमिळमध्ये ‘पाहिली, पाहिली’ अशी री ओढली आणि माझ्या कानाशी पुटपुटले, “खरी नंतर दाखवतो.”

आकाशाचे वेड असलेल्या माणसाने शब्द पाळला. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी, जेवणाआधी, पेरुंगुडीतल्या आमच्या गच्चीवर ते मला सप्तर्षी दाखवतात. वसिष्ठाला खेटून असलेला तो तिळाएवढा प्रकाश दुर्बिणीशिवाय शोधायचा, असा आमचा नेम.

या वर्षी मात्र तो दिवस जवळ येऊ लागला तशी मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. ते ओतत तेव्हा कॉफीची धार डवऱ्याच्या पसरट वाटीबाहेर सांडत होती. जिन्याची शेवटची पायरी त्यांच्या पायाला सापडत नव्हती. डॉक्टरांचे नाव काढले की म्हणत, “अगं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.” आणि रोज सकाळी घरासमोरच्या भरधाव रस्त्यावर स्कूटर घालत. संध्याकाळी फाटकाशी ती थांबल्याचा आवाज येईपर्यंत माझे कान रस्त्यावर असत.

वाढदिवसाच्या संध्याकाळी गच्चीवर वाऱ्याला समुद्राचे मीठ होते, पाणथळीचा कुबट वास होता, आणि खालच्या घरातल्या हिंगाची फोडणी. उत्तरेला शहराच्या उजेडाने तांबूस झालेला एक जाड ढग पसरला होता. ह्यांनी हात उचलला. बोट अचूक तिथेच गेले, जिथे ती असायला हवी होती. आकाश त्यांना पाठ होते.

“ती बघ. काय स्वच्छ आहे आज! दिसली?”

तो जुना शब्द माझ्या जिभेवर आला. मी तो गिळला.

“अहो, तिथे ढग आहे.”

बोट तसेच राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, “केवढा?”

“सगळे सप्तर्षी झाकलेत.”

पलीकडच्या कचेऱ्यांच्या काचा लखलखत होत्या. बोट खाली घेत ते म्हणाले, “मागच्या वर्षीही नव्हती दिसली मला. तू दिसली म्हणालीस, म्हणून मीही म्हटलं.”

मग खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्यांनी माझा तळहात चाचपडत शोधला.

“उद्या डॉक्टरांकडे तू चालव.”